मागच्या चाकापाशी ऑइल गळतंय : पहिलटकरांसाठी मार्गदर्शिका

गाडीखालचा डाग मालकाला कधीच पहिल्यांदा दिसत नाही. तो आधी वॉचमनला दिसतो, मग शेजारच्या पार्किंगवाल्यांना, मग सोसायटीच्या सेक्रेटरींना. सगळ्यात शेवटी, ऑफिसला उशीर झालेला असताना, "साहेब, तुमच्या गाडीतनं ऑइल गळतंय," या शब्दांत तो तुमच्या कानावर येतो. पुढे काय करायचं हे तुम्हाला ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं असं त्यांना स्वतःला वाटतं, ते सगळे पाच मिनिटांत गाडीभोवती जमतात.

यातला एक काका हमखास वाकून त्या डागात बोट बुडवतो. इथपर्यंत ठीक आहे. ते बोट जिभेकडे निघालं की मात्र हात धरा. गाडीतल्या कुठल्याही द्रवाची चव घ्यायची नसते. रेडिएटरमधलं कूलंट चवीला गोडसर आणि पोटात जहरी असतं, म्हणूनच लहान मुलं आणि कुत्री त्याला फसतात. काकांनी फसू नये.

आता पहिला धडा. 'ऑइल' या शब्दावर अजिबात विश्वास ठेवू नका. कढईत असतं तोवर ते तेल, बॉनेटखाली गेलं की ऑइल, एवढा विवेक आपल्या भाषेने केला आणि ती दमली. इंजिनातलं ऑइल, गिअरचं ऑइल, शॉकअपमधलं ऑइल आणि ब्रेकचंही ऑइल. यातलं शेवटचं मुळात तेलच नाही, हे मला कळायला एक भिंत जवळून बघावी लागली. ते पुढे येईलच.

साहित्य : एक मोठा पुठ्ठा. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा उत्तम. तो माळ्यावर असतोच, कारण वॉरंटी संपेपर्यंत खोकं टाकायचं नाही असा घरोघरी कायदा आहे आणि वॉरंटी संपल्यावर तो रद्द करायची कुणाला आठवण होत नाही. शिवाय खडू, टॉर्च, जुन्या पांढऱ्या बनियनचा एक तुकडा आणि लोणच्याची रिकामी, स्वच्छ धुतलेली काचेची बरणी. ही बरणी घरातल्यांना विचारून घ्या. परत स्वयंपाकघरात जाणार नाही, हेही सांगून टाका.

कृती : रात्री गाडी सपाट जागी लावून पुठ्ठा मागच्या चाकाशी नीट सरकवा. चाक कुठे टेकलंय तिथे खडूने रेघ मारा आणि गाडीचं तोंड कुठल्या दिशेला आहे याचा बाण काढा. बाण काढायला लाजू नका. सकाळी पुठ्ठा ओढून बाहेर काढताना तो हमखास फिरतो, आणि मग डाग डाव्या चाकाचा की उजव्या, यावर घरात दोन पक्ष पडतात.

पुठ्ठा कशाला, फरशीवरचा डाग दिसतोय की, असं म्हणाल. फरशी खोटी साक्ष देते. आमच्या पार्किंगला गटाराकडे उतार आहे, त्यामुळे तीन गाड्यांपलीकडचं पाप वाहत येऊन माझ्या चाकापाशी थांबतं. काल तिथे दुसरंच कुणी लावून गेलेलं असतं. गाडी स्वतःही फसवते. पळत्या गाडीखालून वारा मागे वाहतो आणि इंजिनाचं ऑइल पोटाखालून सरकत सरकत मागे येऊन टपकतं. शिवाय काही ठिकाणी सर्व्हिसिंग झालं की गंज धरू नये म्हणून खालून ऑइलचा फवारा मारायची जुनी पद्धत आहे. अशी गाडी पुढचे दोन दिवस लग्नघरातल्या तळणीच्या झाऱ्यासारखी निथळते. तेव्हा गाडी नुकतीच सर्व्हिसिंगहून आली असेल तर दोन दिवस दम धरा.

सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला तर मार्गदर्शिका मिटून चहा घ्या. ओला निघाला तर आधी पाणी वगळा. एसीचं पाणी बहुधा पुढे डावीकडे गळतं, पण मागच्या सीटसाठी वेगळा एसी असलेल्या मोठ्या गाड्यांत मागेही गळू शकतं. सायलेन्सरच्या तोंडाशी सकाळी पाणी ठिबकतं, त्यात काहीही बिघडलेलं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणीच तयार होतं, फक्त ते वाफ होऊन जातं. थंडीत थोडं मागे राहतं, इतकंच.

मग चाक बघा. इथे एकच प्रश्न महत्त्वाचा : ओल टायरच्या बाहेरच्या अंगाला आहे की आतल्या? टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसा आणि टायरची गाडीच्या पोटाकडची बाजू बघा. ब्रेकमधून, एक्सलमधून जे गळतं ते आतल्या बाजूने ओघळतं. ओल फक्त बाहेरून असेल, जमिनीपासून वीतभर उंचीवर असेल आणि रोज ठरावीक वेळी ताजी होत असेल, तर आरोपी चार पायांचा आहे. त्याला तुमचंच चाक आवडतं, याचा गाडीच्या तब्येतीशी संबंध नाही. गाडी पुसणाऱ्याने टायरला चोपडलेलं पॉलिशही बाहेरूनच चमकतं.

ओल आतूनच असेल तर पुढचा प्रश्न असा की तुमची गाडी कुठल्या चाकांनी चालते. हा प्रश्न गाडी घेताना कुणी विचारत नाही. रंग विचारतात, मायलेज विचारतात. जुनी अँबॅसेडर, पद्मिनी, ओम्नी, सुमो, किंवा आजची बोलेरो, स्कॉर्पिओ, ईको, इनोव्हा क्रिस्टा या गाड्यांना मागची चाकं ढकलतात. म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो मोठा लोखंडी भोपळा असतो, डिफरन्शियल. गॅरेजात त्यातल्या ऑइलला क्राउन ऑइल म्हणतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत मागच्या सीटवर मधे बसून ज्यांनी पाय अवघडून घेतले, त्यांचे पाय याच भोपळ्याकडे जाणाऱ्या दांड्याच्या उंचवट्यावर असत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं २०२३च्या ऑक्टोबरात भरली आणि ती रस्त्यावरून गेली. अवघडलेले पाय अजून आहेत.

क्राउन ऑइल ओळखायला नाक पुरे. ते घट्ट, तपकिरी असतं आणि त्याला गंधकाचा वास येतो. कुजक्या अंड्याचा म्हणा किंवा पावसात भिजलेल्या फटाक्यांचा. तिथले गिअर एकमेकांवर इतक्या जोराने घासत फिरतात की साधं ऑइल त्यांच्यामधून पिळून निघेल, म्हणून त्यात गंधकाची संयुगं मिसळतात. हे ऑइल मागच्या चाकाशी आलं तर एक्सलचं ऑइल सील गेलंय असं मिस्त्री सांगेल आणि ते बहुतेक खरंच असेल. फक्त सील बदलण्याआधी त्याला ब्रीदर बघायला सांगा. एक्सलच्या नळकांड्यावर टोपीसारखं एक छोटं छिद्र असतं. ऑइल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. शेतातल्या चिखलाने ते छिद्र बुजलं तर हवेला वाट उरत नाही, मग ती ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. नवं सील घाला, महिन्यात तेही गळेल. फुगलेल्या कुकरची शिट्टी साफ न करता गास्केटच बदलत बसण्यापैकी ते आहे.

बाकी बहुतेक छोट्या गाड्या, म्हणजे अल्टो, स्विफ्ट, वॅगनआर, आय टेन, टियागो वगैरे, पुढच्या चाकांनी चालतात. त्यांच्या मागे डिफरन्शियल नसतंच. तरीही कुणी "क्राउन ऑइल गळतंय" म्हणालं, तर त्याचा सल्ला आदराने ऐका आणि विसरून जा. यांच्या मागच्या चाकापाशी संशयित मोजकेच. पेट्रोल असेल तर नाक ओरडून सांगेल, आणि मग बाकी सगळं सोडून काडी, बिडी, स्टार्टर यांपासून लांब राहून मिस्त्रीला बोलवा. टाकी बहुतेक मागच्या सीटखालीच असते. शॉकअप असेल तर त्याच्या नळीवर ऑइल आणि धुळीचा काळा लेप बसलेला दिसतो. नुसता धुरकट ओलसरपणा असेल तर चालतं, ओघळ असतील तर नाही. डिकीचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. पाळण्यासारखी झुलत राहिली तर गेला.

उरला ब्रेक. आणि आणखी एक संशयित, जो कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडत नाही.

तीन वर्षांपूर्वी लातूरहून, म्हणजे सासरहून, आम्ही परत आलो आणि दुसऱ्या दिवशी मागच्या डाव्या चाकापाशी पिवळसर, बुळबुळीत डाग दिसला. मी नवशिका होतो, घाबरलो. मिस्त्रीने चाक काढलं, ड्रम काढला. आत सगळं लख्ख कोरडं. त्याने पुन्हा जोडलं. मग खाली वाकून बोटावर थोडं घेतलं, अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला अजून आठवलं तरी मान खाली जाते.

"साहेब, हे खायचंय."

सासूबाईंनी घाण्यावरून काढून दिलेला करडईच्या तेलाचा पाच लिटरचा कॅन डिकीत आडवा झाला होता. स्टेपनी ज्या खड्ड्यात बसते त्याच्या तळाला पाणी काढायला रबरी बूच असतं. ते सैल होतं. स्टेपनी तेलात बसली होती, आणि बुचातून पाझरलेली धार पत्र्याच्या कडेने वळून चाकाच्या बाजूला उतरत होती. ड्रम खोलायची मजुरी मी मुकाट दिली. पुढचे पंधरा दिवस त्या गाडीत बसलं की कांदाभजी खावीशी वाटत.

या अनुभवाने मी शहाणा झालो, आणि खरा धोका तिथूनच सुरू झाला. गेल्या पावसाळ्यात त्याच चाकापाशी पुन्हा डाग आला. बायको म्हणाली, "दाखवून ये एकदा." मी अनुभवी माणसाच्या सुरात म्हणालो, "करडई असेल. कुठे तरी सांदीत राहिलेलं निघतं पावसात." शेजारच्या काकांनी बोट बुडवून, न चाखता, 'ऑइल' असा निकाल दिला. वॉचमनही ऑइलच म्हणाला. एवढ्या सगळ्यांचं एकमत झाल्यावर बरणी काढायची गरज कुणाला वाटणार?

ती बरणी आता काढा. अर्धी पाण्याने भरा. बनियनच्या तुकड्याने डाग टिपा, बरणीवर पिळा, दोन थेंब पडले तरी पुरे, आणि हलवा. जे काही असेल ते वर तरंगलं, कटावर तर्री यावी तसं, तर ते खरंच तेल आहे : इंजिनाचं, क्राउनचं, शॉकअपचं किंवा सासरचं. तुम्हाला सवड आहे, मिस्त्रीकडे शनिवारी गेलात तरी चालेल. पण ते पाण्यात विरघळून दिसेनासं झालं, आणि ओल चाकाच्या आतूनच आली होती, तर गाडीची किल्ली खिशातून काढून देव्हाऱ्यात ठेवा. ते ब्रेक ऑइल आहे. आपल्या गाड्यांत वापरतात ते डॉट थ्री, डॉट फोर जातीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलपासून बनतं. हाताला बुळबुळीत लागतं म्हणून तेल वाटतं, पण त्याला पाण्याची इतकी ओढ असते की गाडीतल्या त्याच्या डबीचं झाकण बंद असूनही ते वर्षा-दोन वर्षांत हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट थ्री उकळायला किमान २०५ अंश लागतात. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ते १४० लाच उकळू शकतं. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापतं, नळीत बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला की नुसता दबतो, चाक धरत नाही. गळती नसली तरी दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात, त्यामागे हे आहे. तसंच ते गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग खातं. पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

मी बरणी काढली नव्हती. पण गाडी माझ्याशी बोलत होती. वळणावर डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा क्षणभर लुकलुकायचा. डबीतली पातळी खाली गेली की वळताना ऑइल एका बाजूला जातं, तरंगणारा गोळा बसतो आणि दिवा लागतो. मला वाटायचं हँडब्रेक अर्धवट राहिलाय. मी तो ओढून पुन्हा सोडायचो आणि दिवा गेला की स्वतःवर खूश व्हायचो. डबी बॉनेटखाली असते, मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात, बघायला अर्धं मिनिट लागतं. (ब्रेकची लायनिंग झिजली तरी पातळी हळूहळू उतरते, म्हणून नुसती पातळी कमी असणं हा गळतीचा पुरावा नव्हे. पण चौकशी करण्याइतकं कारण नक्कीच आहे.)

मग एका संध्याकाळी सोसायटीच्या तळघराच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं. सैल भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसं, सावकाश, काही प्रतिकार न करता. दुसऱ्यांदा दाबलं, आणखी खाली. अगदी तळाला जाऊन थोडंसं धरलं, कारण ब्रेकच्या दोन वेगळ्या वाहिन्या असतात आणि एक रिकामी झाली तरी दुसरी निम्म्या जोरावर काम करते. तेवढ्यात हँडब्रेक ओढला. तो तारेने चालतो, त्याला ऑइलशी देणंघेणं नसतं. गाडी थांबली तेव्हा समोरच्या भिंतीवरचं 'येथे थुंकू नये' मला चष्म्याशिवाय वाचता आलं.

अशा वेळी गाडी हळूहळू गॅरेजला नेऊ, असं मन म्हणतं. नेऊ नका. टो करा, किंवा मिस्त्रीलाच बोलवा. तो येईपर्यंत स्वतः खाली शिरायचा मोहही आवरा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, विटांच्या चवडीवर तर मुळीच नाही.

मिस्त्री आला तो पोराला घेऊन. चाक काढलं. ड्रम गंजून चिकटला होता. मला वाटलं आता घण चालणार. त्याने ड्रमच्या तोंडावरच्या दोन आटे पाडलेल्या भोकांत दोन बोल्ट घातले आणि एकदा हा, एकदा तो असे पिळत गेला. ड्रम करकरला आणि आपणहून सुटून हातात आला. आत अर्ध्या चंद्रासारखे दोन ब्रेक शू, त्यांच्यामध्ये वर बोटभर लांबीचं व्हील सिलिंडर, दोन्ही टोकांना रबरी टोप्या. त्याने नखाने एका टोपीची कड उचलली आणि तिथून पिवळसर ओघ खाली आला. पेडल दाबलं की या सिलिंडरमधले दोन पिस्टन बाहेर सरकतात आणि शू ड्रमला टेकवतात. पिस्टनवरचं रबर झिजलं, आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले, की प्रत्येक दाबाला थोडं ऑइल चुकार होतं. लायनिंगवर ते पसरून काळं लुकण झालं होतं.

"शू धुऊन चालतील?" मी विचारलं.

"वडे तळलेला कागद धुऊन वापरता का तुम्ही?"

प्रश्न बरोबर होता. शू दोन्ही चाकांचे जोडीने बदलले, सिलिंडरही दोन्ही. एकाच बाजूला नवं घातलं तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. मग हवा काढायचं काम निघालं, आणि त्यासाठी पेडलवर मला बसवलं. मागून हाक यायची, "मार... मार... मार... धर!" 'धर' म्हटलं की पाय दाबून ठेवायचा. तो मागे निपल ढिलं करणार, नळीतून पाण्याच्या बाटलीत बुडबुडे फुटणार, निपल बंद, मग पुन्हा 'मार'. मी एकदा 'धर' ऐकून सोडलं. त्याने काही न बोलता पहिल्यापासून सुरू केलं, आणि त्या न बोलण्यात आजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा हिशोब होता. हळूहळू पेडल पायाखाली घट्ट होत गेलं.

तो गेल्यावर मी फरशीवर एक बादली पाणी ओतलं. ब्रेक ऑइलचा डाग त्या एका बादलीत निघून गेला, मागमूसही उरला नाही. त्याच्या शेजारचा करडईचा डाग मात्र तीन वर्षांनंतरही जागेवर आहे. करडईचं तेल हवेत वाळून चिवट होतं, म्हणून ते रंग-व्हार्निशमध्येही वापरतात. मागच्या महिन्यात कमिटीची लेखी नोटीस आली : "आपल्या वाहनातून होणारी ऑइल गळती तातडीने बंद करून पार्किंग क्र. १४ येथील डाग स्वखर्चाने काढावा." सोडा, साबण, रॉकेल सगळं करून झालं. नोटिशीला काय उत्तर द्यावं ते सुचत नाहीये, कारण उत्तरात सासूबाईंचं नाव येतं.